शकुंतलेतून सहारला

आमच्या अंजनगावातून परदेशी जाणाऱ्या माणसाला त्या काळी विमानात बसण्याआधी शकुंतलेत बसावं लागे, आणि शकुंतलेत बसण्याआधी सबंध गावाला तोंड द्यावं लागे. विमानाचं तिकीट मुंबईच्या एजंटाकडून आधीच आलेलं असायचं, लाल कार्बनच्या पातळ पानांचं, बोटाला डाग लावणारं; घरातली कर्ती माणसं ते पोथीच्या कापडात गुंडाळून देवघरात ठेवत आणि आल्या-गेल्याला हात धुवायला लावून मग दाखवत. पण गावाच्या लेखी ते तिकीट म्हणजे नुसता कागद. खरं तिकीट स्टेशनच्या जाळीच्या खिडकीतून मिळणारं, पुठ्ठ्याचा तो इवला तुकडा, यंत्रात घालून खटकन तारीख ठोकलेला. तो आवाज झाला की पोरगं चाललं.

शकुंतला म्हणजे अचलपूर ते मूर्तिजापूर धावणारी आमची छोटी गाडी. रुळांमधलं अंतर अडीच फूट, एकूण वाट ७६ किलोमीटर, आणि तेवढ्याला चारेक तास. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळांपर्यंत आणि तिथून मुंबईच्या बंदरात नेता यावा म्हणून विलायती भांडवलाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वाट घातली. किलिक निक्सन कंपनीचं नाव तिच्याशी जोडलेलं राहिलं, आणि देशातल्या सगळ्या गाड्या सरकारच्या झाल्या तरी ही वाट मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली. आपली रेल्वे ती चालवायची आणि कंपनीला भाडं द्यायची. ज्या अंजनगावात ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांना इंग्रजांशी तह करावा लागला, त्याच गावातून पुढे शंभर वर्षांनी इंग्रज कापसाचे गठ्ठे न्यायला रूळ टाकतो, यातली गंमत शाळेत आम्हाला कोणी सांगितली नाही. इतिहासाच्या पुस्तकात तह होता आणि स्टेशनावर गाडी होती. दोन्हींची गाठ घालायचं वय आमचं नव्हतं. आमचा त्या गाडीशी संबंध एवढाच, की तिच्या शिट्टीवर शाळेची मधली सुट्टी संपली की नाही ते कळायचं, आणि गाडी उशिरा आली की सुट्टीही लांबायची.

१९८६च्या ऑगस्टात मी अमेरिकेला शिकायला निघालो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडलेला, अंगाने काडी आणि डोक्यात हवा, असा तो पोरगा आता माझ्यासमोर उभा राहिला तर मी त्याला ओळखेन, पण त्याच्याशी फार बोलणार नाही. त्याच्या मनात एकच चित्र होतं: पांढरी अ‍ॅम्बॅसडर, तिच्या टपावर दोरीने बांधलेली सुटकेस, मागच्या काचेतून हात हलवणारा तो, आणि मोटार थेट मुंबईच्या विमानतळाच्या दारात थांबते आहे. सिनेमात नायक विमानतळावर मोटारीनेच जातो. कोळशाच्या इंजिनाच्या, बैलगाडीशी शर्यत लावली तर हमखास हरणाऱ्या गाडीतून कोणी न्यूयॉर्कला गेल्याचं त्याने पडद्यावर पाहिलं नव्हतं. आणि योग असा की गावातल्या जिनवाल्या शेठजींनी स्वतः होऊन मोटार देऊ केली. ड्रायव्हर देतो, पेट्रोल तेवढं तुम्ही पाहा, म्हणाले. घरात दोन रात्री त्यावर खल झाला. काकाजींनी पेट्रोलचा हिशेब मांडला, आईने घाटातल्या वळणांची धास्ती घेतली, आणि आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, सुपारी कातरत शेवटपर्यंत गप्प बसले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले,

“पापळचे पंजाबराव विलायतेले गेले थे काय मोटारीत बसून गेले? रेल्वेनं मुंबईले गेले अन् मंग बोटीत बसले. मोटारीत बसून गेला त गावाले समजत नाही कोन गेलं थे. शकुंतलेत बसला त कापूसतळणीलेही समजते.”

पंजाबराव देशमुखांचं नाव निघालं की आमच्या भागात वाद संपतो. त्यातही ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव, तिथलीच पदवी माझ्या हातात. मी काय बोलणार? शेठजींना निरोप गेला, मोटार जिनातच राहिली, आणि मी दोन दिवस जेवणावर रुसलो, म्हणजे घरच्यांना दिसेल एवढ्यापुरता.

घरात मग जाण्याची तयारी सुरू झाली, आणि ती तयारी, आता वाटतं, मुळात माझ्यासाठी नव्हतीच. ती घराने स्वतःची समजूत घालण्यासाठी चालवलेली होती. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, दोन दिवस टिकतील अशा. जवसाची चटणी, लसूण घालून खलबत्त्यात इतकी कुटलेली की ओसरीवरून रस्त्यापर्यंत ठसका जायचा. तळून ठेवलेल्या सांडग्या मिरच्या. आणि आजीने स्वतःच्या हाताने भरलेली, कडी घातलेली पितळेची बरणी, तिच्यात लिंबाचं लोणचं, झाकणावर मेणकापड, मेणकापडावर सुतळीचे सात वेढे. सुटकेस अमरावतीहून आणलेली, निळी, चकचकीत; पण ती हरवू नये म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला बोलावलं होतं, आणि त्याने झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने, मागे सावली पडलेल्या अक्षरांत, माझं नाव, त्याखाली मुक्काम पोस्ट अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती, आणि जागा उरली म्हणून एका कोपऱ्यात कमळ काढलं. त्या कमळाची मला जी लाज वाटली! मी ते रॉकेलच्या बोळ्याने पुसायला गेलो तर त्याची एक पाकळी फक्त फिकट झाली, आणि ते तसंच, एका बाजूने खंगलेलं, माझ्याबरोबर समुद्रापार आलं.

आणि सूट. गावातल्या शिंप्याने तो मासिकातल्या चित्रावरून शिवला होता, करड्या रंगाचा, खांद्यांत कापूस भरलेला. वऱ्हाडचा कापूस परदेशी जाण्याची रीत त्याने आपल्या परीने पाळली होती म्हणा. सूट विमानात चढताना घालायचा, असं कोणीही सांगितलं असतं. मी तो घरूनच घातला. ऑगस्टातली उघडीप, काळ्या जमिनीतून वर येणारी ती दमट, उकडणारी वाफ, मानेत घट्ट टाय, आणि हातात आजीने ठेवलेलं दही-साखर. दही पापण्यांवर येणाऱ्या घामाच्या आधी तोंडात गेलं एवढंच.

स्टेशनापर्यंत चालतच गेलो. पुढे सुटकेस डोक्यावर घेतलेला गडी, मागे मी, माझ्यामागे घर आणि घरामागे गल्ली. वाटेत दारादारांतून प्रश्न यायचे आणि उत्तरं माझ्याआधी आबाजी द्यायचे. “इमानात बसाले चालला म्हने?” “हाव जी, उद्याच्या रात्री बसते.” “तठी थंडी लय रायते म्हनते.” “कोट शिवला न बाप्पा, पाहून राह्यले न.” सगळं गाव पाहून राहिलंच होतं. पानमळ्यावाले बारी गल्लीच्या तोंडाशी उभे होते. शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत, पाण्याच्या ओलीत दिवस काढणारी ही माणसं भर उन्हात आली की त्यांचे डोळे बारीक होतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने केळीच्या पानात बांधलेला, ओल्या फडक्याने लपेटलेला पानांचा बिंडा माझ्या कोटाच्या काखेत कोंबला. अमेरिकेत पान मिळत नाही, एवढी माहिती त्याने काढली होती. कोवळ्या पानाचा तो हिरवट, किंचित तिखट वास आणि फडक्याचा ओलावा सुटाच्या अस्तरात उतरला तो उतरलाच.

अंजनगावचं स्टेशन म्हणजे फार काही नव्हतं. लिंबाची झाडं, एक बैठी इमारत, जमिनीला टेकलेला फलाट, आणि त्यावर कापसाच्या दिवसांत गठ्ठ्यांचा, एरवी पानांच्या करंड्यांचा वास. पण गाडी येताना जे व्हायचं ते मोठ्या स्टेशनांवर मला पुढे कुठेच दिसलं नाही. आधी रुळाच्या बाजूची कुत्री उठायची. मग पथ्रोटच्या बाजूने एक धुराची रेघ, मग शिट्टी, बारीक आणि थोडी चिरकी, आणि मग इंजिनाचा तो थकलेला, तरी नेटाने चाललेला भकभकाट. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं हे इंजिन १९२३ पासून या वाटेवर राबत होतं. मी निघालो त्या दिवशी ते माझ्या वडलांपेक्षा वयाने मोठं होतं. ते जवळ आलं की आधी उष्ण तेलाचा वास अंगावर यायचा, त्यामागून कोळशाचा, आणि सगळ्यांत शेवटी वाफेचा, इस्त्री फिरवलेल्या ओल्या धोतराला येतो तसा.

गाडी किती वेळ थांबायची याला वेळापत्रकात एक उत्तर होतं आणि फलाटावर दुसरं. त्या दिवशी गार्डाने हिरवं निशाण काखेत धरून आईचं रडणं संपायची वाट पाहिली. डब्यातली माणसं सरकून बसली. “इमानात बसनाऱ्याले खिडकी द्या” असा हुकूम कोणीतरी सोडला. पोचवायला निघालेले आबाजी आणि बाबा शेजारी बसले, मी खिडकीशी बसलो, सूट सावरला, आणि इंजिनाने पहिला झटका दिला तसा कोळशाचा एक कण उडून थेट माझ्या कॉलरवर बसला. झटकायला गेलो तर त्याचा पांढऱ्या शर्टावर बोटभर ओरखडा झाला. समोरची म्हातारी म्हणाली, “राहू दे न बाबू, नजर लागनार नाही.”

पुढचा प्रवास आबाजींनी म्हटल्याप्रमाणेच झाला. कापूसतळणीला समजलं. लेहगावला समजलं. बनोशाला, म्हणजे दर्यापूरच्या स्टेशनावर, तर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. दोन्ही बाजूंना ऑगस्टातलं वऱ्हाड पसरलेलं, वीतभर कपाशीच्या ओळी, मुगाच्या शेंगा तोडणाऱ्या बाया, काळ्या मातीत घोट्यापर्यंत रुतलेले पाय. गाडी इतकी सावकाश की त्या बायांनी मान वर करून, डोळ्यांवर हात धरून, डबे नीट मोजून पुन्हा खाली वाकावं. उत्तरेला सातपुड्याची, गाविलगडाची निळी कड हळूहळू बुटकी होत गेली. दर्यापूरच्या पुढे खारपाणपट्टा लागतो, विहिरीचं पाणी जिभेला मचूळ लागतं, म्हणून आईने फिरकीच्या तांब्यात घरचं गोडं पाणी भरून दिलं होतं. पूर्णा ओलांडेपर्यंत ते निम्मं डब्यातल्या पोरांनीच प्यायलं. पुलावर गाडीचा आवाज बदलला, खाली गढूळ, भरलेली नदी, आणि आबाजींनी खिशातून काढून एक नाणं खाली टाकलं. डब्यातल्या प्रत्येकाने, ज्याचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता त्यानेही, हात जोडले. मोटारीत बसलो असतो तर काचा वर केल्या असत्या.

मूर्तिजापूरला छोटी गाडी एका बाजूला विसावते आणि पलीकडे मुंबई-हावड्याचे रुंद, चकाकणारे रूळ दिसू लागतात. तिथवर पोचलं की शकुंतलेतला प्रवासी एकदम बुटका होतो. इथले हमाल वेगळे, भाषा थोडी वेगळी, चहाच्या कपांचा आकारसुद्धा वेगळा. मुंबईची गाडी रात्रीची. मधले तास आम्ही सुटकेसभोवती कोंडाळं करून काढले, दशम्या सोडल्या, चटणीच्या ठसक्याने शेजारच्या बाकावरचा पंजाबी शिपाई खोकला आणि मग त्याने हात पुढे करून मागून घेतली. मधूनच मोठी मेल न थांबता धडधडत जायची, फलाट हादरायचा, वर्तमानपत्रं उडायची, आणि ती गेल्यावर जी शांतता व्हायची तिच्यात पलीकडे उभ्या छोट्या इंजिनाचा सुस्कारा ऐकू यायचा. आबाजी म्हणाले, ते झोपलं आता.

रात्रीच्या गाडीचं फारसं आठवत नाही. शेगावला कचोरीचा वास डब्यात आला आणि गजानन महाराजांच्या नावाने हात जोडले गेले, भुसावळला केळी, पहाटे इगतपुरीला इंजिन बदलायला गाडी थांबली तेव्हा थंडगार धुकं आणि गरम वडा, आणि बाहेर हिरवं, सगळीकडून पाणी गळणारं. वऱ्हाडच्या माणसाला एवढा हिरवा रंग अंगावर येतो. दादरला उतरलो तेव्हा माझा सूट चुरगळून कांद्याच्या पातीसारखा झाला होता, आणि ज्या पुलावरून आम्ही पश्चिम रेल्वेकडे गेलो तिथल्या गर्दीत माझ्या त्या टायकडे बघायला एकाही माणसाला सवड नव्हती. गावात माझ्यासाठी निशाण काखेत धरलं गेलं होतं; इथे मला कोणी बाजूलाही सरकवलं नाही, सरळ ढकललं. हे फार बरं झालं. न्यूयॉर्कच्या आधी दादर लागलं नसतं तर त्या पोराचं काय झालं असतं देव जाणे.

दिवसभर मुक्काम परळला, आबाजींच्या मावसभावाच्या मुलाकडे, चाळीतल्या एका खोलीत. हे परळचे काका गिरणीत साचेवाले. पण १९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा धड सुरू झालेली नव्हती आणि ते दारात बसून असायचे. आमच्या कपाशीच्या शेताच्या दुसऱ्या टोकाला हे घर होतं, हे मला तिथे बसल्यावर दिसलं. गिरणीच्या चिमणीतून धूर नव्हता. आबाजी आणि ते बराच वेळ भावाबद्दल बोलले, कापसाच्या भावाबद्दल. पानांचा बिंडा मी तिथेच ठेवला. परदेशात पानं-फळं आत नेऊ देत नाहीत असं परळच्या काकांनी कुठूनसं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत चाळीच्या तिन्ही मजल्यांनी अंजनगावची पानं खाल्ली, गॅलरीत चुना-कात फिरला, आणि निघताना जी माणसं पोचवायला आली त्यांतल्या निम्म्यांचे ओठ लाल होते.

दादरहून अंधेरी लोकलने, अंधेरीहून सहारला रिक्षाने. एका रिक्षात आबाजी, बाबा, मी आणि मांडीवर ती कमळवाली सुटकेस. सहारचं टर्मिनल तेव्हा काही वर्षांचंच होतं, उंच, राखी, दिव्यांनी पेटलेलं. बाहेर अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटांची रांग लागलेली. दारातल्या पोलिसाने माझं लाल कार्बनचं तिकीट पाहिलं आणि आबाजींना हाताने अडवलं. ते अडले. त्यांनी पोलिसाला शांतपणे विचारलं, “गाडी टायमावर हाय न जी?” पोलीस मराठीच निघाला, म्हणाला, आहे बाबा. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं.

एअर इंडियाचं ते जंबो जेट. आणि तिथवर मला आणलं होतं मँचेस्टरच्या १९२१च्या इंजिनाने. वाफ, वीज आणि जेट, तिन्ही एकाच फेरीत अनुभवलेली आमची शेवटची पिढी असावी. न्यूयॉर्कला उतरल्यावर पहिल्यांदा अंघोळ केली, पांढऱ्या टॉवेलाने कान पुसला, तर टॉवेलावर काळं उमटलं. मूर्तिजापूरची काजळी. मी टॉवेल घाईघाईने धुतला, साबण लावून, दोनदा. आज कोणी दिला तर तसाच घडी घालून ठेवीन, असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर आजही धुवीनच; काजळी ती काजळी.

पुढे येणं-जाणं होत राहिलं आणि दर वेळी वाट थोडी बदललेली असे. १५ एप्रिल १९९४ला वाफेचं इंजिन उतरवलं आणि डिझेल आलं; कानात काजळी जायची बंद झाली आणि बायकांनी पांढरी लुगडी पुन्हा प्रवासाला काढली. मग एसटीच्या आणि काळीपिवळीच्या फेऱ्या वाढल्या, गावोगावी डांबर गेलं, शकुंतलेत फक्त ज्यांना घाई नाही किंवा पैसे नाहीत ते उरले. शेवटच्या वर्षांत तर कर्मचारीच गाडीतून उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे गेली की फाटक उघडायचे आणि पळत येऊन पुन्हा चढायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि हसलो, बरोबरची माझी बायको मात्र हसली नाही. मग गाडी थांबली. रुळांवर बाभळी आल्या. शेजारची अकोला-अकोट वाट मात्र रुंद झाली, २०२२च्या नोव्हेंबरात तिकडे गाडी धावली. आमच्या अंजनगावातून अकोटला जायला तासभर लागतो, आणि तिथे उभं राहून दुसऱ्यांच्या गावात आलेली रेल्वे बघता येते.

यंदा पुतण्याची मुलगी जर्मनीला शिकायला निघाली, आणि घरात पुन्हा तोच खल झाला. पुतण्याची स्वतःची गाडी आहे, आणि समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून शेवटपर्यंत खुला झाला आहे. कारंज्याकडून चढायचं आणि भिवंडीजवळ उतरायचं. बेलोऱ्याचं विमानतळही आता सुरू आहे, १६ एप्रिल २०२५ला तिथून मुंबईचं पहिलं प्रवासी विमान गेलं. अमरावतीत विमान उतरेल यावर आबाजींनी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर बडनेरा स्टेशनाच्या इतकं जवळ कशाला केलं म्हणून विचारलं असतं. पण ते विमान रोजचं नाही, आणि तिच्या दिवशी नव्हतं. पुतण्या म्हणाला, मी सोडतो गाडीने, थेट दारात. मी सुपारी खात नाही, तरी गप्प बसलो होतो.

पोरगी म्हणाली, “बाबा, तुम्ही रात्रभर जागून गाडी चालवणार, मी तुमच्याकडे बघत जागणार, आणि परत येताना तुम्ही एकटे. मी अमरावतीहून मुंबईच्या रात्रीच्या गाडीने जाते. झोपून जाते. सीएसएमटीला उतरते, खालीच मेट्रो आहे, ती टी-टूला नेते.” आणि तसंच आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती जमिनीखालची तिसरी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण धावते, आणि सीएसएमटी आणि विमानतळाचं टी-टू दोन्ही तिच्याच वाटेवर आहेत. दादरचा पूल नाही, अंधेरीची रिक्षा नाही, परळचा मुक्काम नाही. परळची ती चाळही आता नाही, तिथे टॉवर आहे.

आम्ही तिला सोडायला अमरावतीच्या स्टेशनापर्यंत गेलो, मोटारीनेच. तिच्या पाठीवर एक पिशवी, हातात चाकांची एक बॅग, बॅगेवर तिचं नावसुद्धा नाही, फोनमध्ये तिकीट. सूट नाही, ढगळ शर्ट आणि बूट. तिच्या आईने दशम्या दिल्या, त्या तिने घेतल्या. चटणी दिली, ती वासाला भिऊन परत केली आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा मागून घेतली. गाडी नेमक्या मिनिटाला सुटली. कोणाचंही रडणं संपेपर्यंत आता गार्ड निशाण काखेत धरून थांबत नाही, आणि ते योग्यच आहे, पुढे अकोला-शेगावला माणसं ताटकळत असतात. माझ्या काळी मुलगी एकटी रात्रीच्या गाडीने मुंबईला आणि तिथून एकटी विमानात, ही गोष्ट आमच्या गल्लीत कोणी तोंडातून काढली नसती. पहाटे तिचा फोटो आला: मेट्रोचा डबा, आणि खाली तिने लिहिलेलं, पोचले, चटणी डब्यात सांडली, सगळे खोकतायत.

मला तरी तिची वाट माझ्या वाटेपेक्षा बरी वाटते, सोपी, स्वस्त, आणि कोणाच्या उपकाराशिवायची. एकच उणं आहे: ती अंजनगावातून गेली हे कापूसतळणीला कळलं नाही. ती वाट मधेच तुटलेली आहे. शकुंतलेचं रुंदीकरण करा म्हणून अचलपूरपासून मूर्तिजापूरपर्यंतची माणसं वर्षानुवर्षं निवेदनं देत, रुळांवर बसत आली आहेत, आणि घोषणाही ऐकत आली आहेत. आमचं म्हणणं मोठं नाही. धूर नको, कोळसा नको, लिंबाखालचा जमिनीला टेकलेला फलाटही नको. रूळ रुंद करा, डबे विजेवर चालवा, तिकीट फोनवर द्या. फक्त वेळापत्रक लिहाल तेव्हा अंजनगावची संध्याकाळची गाडी मूर्तिजापूरला मुंबईच्या रात्रीच्या गाडीच्या अर्धा तास आधी पोचेल, एवढं पाहा. आमच्या पोरांना विमान गाठायचं असतं.